कोर्टं बंद पडली तेव्हाच राज्य हातातून गेलं होतं: मॅसॅच्युसेट्स, १७७३ ते १७७६

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की शाळेच्या पुस्तकातल्या दोनच गोष्टी डोक्यात राहतात, बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा आणि ४ जुलै १७७६. मधली अडीच वर्षं गाळलेली असतात. खरं तर सगळा खेळ त्याच अडीच वर्षांत झाला, कारण चहा फेकणाऱ्यांना त्या रात्री स्वतंत्र देश नको होता, राजाशी आपण एकनिष्ठ आहोत असंच ते मनापासून म्हणत होते, आणि तरी तीनेक वर्षांच्या आत तीच माणसं त्याच राजाशी लढत होती. हे कसं झालं ते एका प्रांताचं प्रकरण घेऊन बघूया, मॅसॅच्युसेट्स. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: पहिली गोळी सुटायच्या सात महिने आधीच बोस्टनबाहेरच्या गावांमधून ब्रिटिश सत्ता गेलेली होती, आणि ती चहामुळे नाही गेली, चहाची शिक्षा म्हणून लंडननं जे केलं त्यामुळे गेली.

पार्श्वभूमी

१७६३ ला सप्तवार्षिक युद्ध संपलं. फ्रान्स हरला, कॅनडा ब्रिटनला मिळाला, पण ब्रिटनवर १२ कोटी पौंडांच्या वर कर्ज चढलं. त्यात अमेरिकेत सैन्य ठेवायचं होतं, त्याचा खर्च वेगळा. मग लंडनला वाटलं की तिथल्या लोकांनी थोडा भार उचलावा, आणि आपण आज शांतपणे बघितलं तर ही मागणी अगदीच अवाजवी नव्हती. अडचण टॅक्स किती यात नव्हतीच, तो कोण लावतंय यात होती. प्रत्येक वसाहतीत निवडून आलेली असेंब्ली होती, टॅक्स तीच लावायची, शे-दीडशे वर्षं हेच चालत आलेलं, आणि ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही माणूस नाही ते आता थेट आपल्या खिशात हात घालतंय हे लोकांना पचेना.

१७६५ चा स्टॅम्प ॲक्ट आला, म्हणजे छापील आणि कायदेशीर कागदपत्रांवर टॅक्स, दंगे झाले, ब्रिटिश मालावर बॉयकॉट झाला, मार्च १७६६ मध्ये तो रद्द झाला. पण त्याच दिवशी पार्लमेंटनं दुसरा कायदा केला की वसाहतींसाठी कुठल्याही बाबतीत कायदा करायचा हक्क आमचाच. १७६७ ला काच, शिसं, रंग, कागद आणि चहावर जकात लावली, परत बॉयकॉट, १७६८ ला बोस्टनमध्ये सैन्य उतरलं, ५ मार्च १७७० ला सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, ५ माणसं गेली. (त्या सैनिकांचं वकीलपत्र जॉन ॲडम्सनं घेतलं होतं, पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला तो. आठपैकी सहा जण निर्दोष सुटले. म्हणजे १७७० मध्येही बोस्टनच्या कोर्टावर दोन्ही बाजूंचा भरवसा टिकून होता, ही गोष्ट लक्षात ठेवा.) त्याच वर्षी चहा सोडून बाकी जकाती मागे घेतल्या गेल्या.

इथे एक गोष्ट घडली जी पुढे फार महागात पडली. विरोध दोनदा यशस्वी झाला आणि त्यातून दोन्ही बाजू एकदम उलटे धडे शिकल्या. वसाहतवाल्यांनी ठरवलं की दाब दिला की लंडन झुकतं. लंडननं ठरवलं की आपण दोनदा झुकलो म्हणून हे डोक्यावर बसले, आता तिसऱ्यांदा नाही.

चहा, आणि पहिला निर्णयाचा क्षण

आता यात आपला धागा येतो. १७७२ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आली होती. बंगालमध्ये १७७० चा भयंकर दुष्काळ, कंपनीची कर्जं, आणि लंडनच्या गोदामांत न विकलेला चिनी चहा पडून. कंपनीला वाचवायला १७७३ मध्ये पार्लमेंटनं कायदे केले, त्यातला रेग्युलेटिंग ॲक्ट आपण इतिहासात वाचतो आणि टी ॲक्ट अमेरिकेतली मुलं वाचतात, पण दोन्ही एकाच संकटातून निघालेले आहेत. टी ॲक्टमुळे कंपनीला अमेरिकेत थेट चहा विकता येणार होता, तोही स्मगलिंगच्या चहाशी टक्कर देईल एवढा स्वस्त. फक्त पौंडामागे ३ पेन्सची जकात ठेवलेली. ती काढून टाका असं पार्लमेंटमध्येच सुचवलं गेलं होतं, पंतप्रधान लॉर्ड नॉर्थनं ऐकलं नाही, कारण त्या पैशातून गव्हर्नर आणि जज यांचे पगार द्यायचे होते म्हणजे ते असेंब्लीच्या मिंधेपणातून सुटतील.

चहाची जहाजं चार बंदरांकडे निघाली. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कनं माल न उतरवता जहाजं परत पाठवली. चार्ल्सटनमध्ये चहा उतरवून गोदामात पडून राहिला. तिन्ही ठिकाणी तोंड न फोडता प्रश्न टळला. बोस्टनमध्ये मात्र गव्हर्नर हचिन्सन अडून बसला की जकात भरल्याशिवाय जहाजाला बंदर सोडायचा परवाना देणार नाही (चहाच्या एजंटांमध्ये त्याची दोन मुलं होती, हेही लोकांना ठाऊक होतं). डार्टमथ जहाज २८ नोव्हेंबरला आलेलं, २० दिवसांत जकात भरली नाही तर कस्टम्स माल जप्त करणार. मुदतीच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबर १७७३ ला, तीन जहाजांवरच्या ३४० पेट्या पाण्यात गेल्या. कायद्यानं हचिन्सन बरोबर असेलही, पण तीन बंदरांत जो मार्ग निघाला तो चौथ्यात त्यानं स्वतःच्या हातानं बंद केला.

नेमका प्रश्न

लंडनसमोर प्रश्न होता की शिक्षा कुणाला करायची. ज्यांनी चहा फेकला त्यांना पकडून खटला भरायचा? सरकारी वकिलांनी सांगितलं पुरावा पुरत नाही. मग १७७४ च्या वसंतात एकामागून एक कायदे आले. पहिल्यानं चहाची भरपाई मिळेपर्यंत बोस्टन बंदर १ जूनपासून बंद. हा कठोर होता पण निदान एका शहरापुरता होता, आणि बोस्टनमधलेच काही व्यापारी म्हणत होते की पैसे भरून टाकू आणि मोकळं होऊ. लंडनमध्ये बसलेल्या बेंजामिन फ्रँकलिनचंही मत भरपाई द्यावी असंच होतं. एवढ्यावर थांबले असते तर बोस्टन एकटं पडायची बरीच शक्यता होती.

ते थांबले नाहीत. मे महिन्यात मॅसॅच्युसेट्स गव्हर्नमेंट ॲक्ट पास झाला आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं वळण हे आहे. प्रांताचा कारभार ज्यावर चालायचा ती १६९१ ची सनद पार्लमेंटनं एकतर्फी बदलली. प्रांताचं कौन्सिल आत्तापर्यंत निवडलं जायचं, आता राजा नेमणार. ज्युरी शेरीफ निवडणार, आणि शेरीफ गव्हर्नरचा माणूस. टाऊन मीटिंग, म्हणजे आपल्या ग्रामसभेसारखी गावची बैठक, गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच.

बोस्टनपासून चाळीस-पन्नास मैल आत राहणाऱ्या शेतकऱ्याला चहाचं काही पडलेलं नव्हतं. पण त्याची कर्जं, त्याच्या जमिनीचे वाद कौंटी कोर्टात सुटायचे. आता त्या कोर्टातला जज वरून आलेला, ज्युरी वरून आलेली, आणि तक्रार करायला गावात बैठक घ्यावी तर ती बेकायदेशीर. जमीन उद्या हातातून गेली तर दाद मागायची कुणाकडे? बोस्टनच्या पुढाऱ्यांना दहा वर्षं भाषणं करून जे जमलं नव्हतं ते या एका कायद्यानं केलं, शहराचं भांडण प्रत्येक गावाचं झालं.

समोरचे पर्याय

१७७४ च्या उन्हाळ्यात वसाहतवाल्यांपुढे साधारण चार वाटा होत्या. भरपाई देऊन मिटवणं. परत बॉयकॉट, जो दोनदा चालला होता, पण न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाचे व्यापारी म्हणत होते एकट्या बोस्टनच्या सांगण्यावरून नाही, आधी सगळ्या वसाहतींची काँग्रेस भरवा. तिसरी वाट म्हणजे साम्राज्यात राहून नवी घटनात्मक रचना मागणं, पेनसिल्व्हेनियाच्या जोसेफ गॅलोवेनं तशी योजनाच मांडली, अमेरिकेची स्वतःची एक कौन्सिल असावी आणि वसाहतींबाबतच्या कायद्याला तिची आणि पार्लमेंटची दोघांची संमती लागावी. चौथी, कायदा अंमलातच येऊ द्यायचा नाही.

फिलाडेल्फियात ५ सप्टेंबरला काँग्रेस बसली आणि पहिल्या तीन वाटांवर चर्चा सुरू झाली, पण मॅसॅच्युसेट्सच्या गावांनी तोपर्यंत वाट बघितलीच नव्हती, ते चौथ्या वाटेनं निघालेले होते.

काय केलं

१६ ऑगस्ट १७७४, ग्रेट बॅरिंग्टन नावाचं डोंगराळ भागातलं गाव, दीडेक हजार माणसं कोर्टाभोवती जमली आणि जजना आतच जाऊ दिलं नाही. महिनाअखेरीला स्प्रिंगफील्डला तेच. १ सप्टेंबरला जनरल गेजनं (हचिन्सनच्या जागी आता हाच गव्हर्नर, आणि सेनापतीही) बोस्टनजवळच्या कोठारातली बंदुकीची दारू सैन्य पाठवून उचलली. अफवा पसरली की सहा जण मेले, बोस्टन पेटलंय, आणि दोन दिवसांत हजारो हत्यारबंद माणसं बोस्टनच्या रस्त्याला लागली. अफवा खोटी निघाली, सगळे परत गेले, पण दोन्ही बाजूंना कळून चुकलं की हे लोक किती पटकन उभे राहतात.

मग ६ सप्टेंबर, वूस्टर. आसपासच्या ३७ गावांमधून मिलिशिया, म्हणजे गावकऱ्यांचीच हत्यारबंद पथकं, आली, गावागणिक रांगा लावून, मोजले तर ४,६२२ जण. जज आणि कोर्टाच्या अधिकाऱ्यांना टोप्या हातात घेऊन त्या रांगांमधून चालायला लावलं आणि आपण नव्या कायद्याखाली काम करणार नाही हे परत परत, तीसेक वेळा, मोठ्यानं म्हणायला लावलं, म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल. एकही गोळी नाही, एकही मुडदा नाही. कोर्ट बंद. गेज सैन्य पाठवणार होता पण आदल्या आठवड्यातली गर्दी आठवून त्यानं पाठवलं नाही. राजानं नेमलेल्या कौन्सिलरांच्या घरांवर मोर्चे गेले, कुणी राजीनामा दिला, कुणी पळून बोस्टनला सैन्याच्या आश्रयाला आला.

ऑक्टोबरमध्ये प्रांतिक काँग्रेस बसली, गव्हर्नरनं बोलावलेली नाही, स्वतःहून. जॉन हॅनकॉक अध्यक्ष. तिनं टॅक्स वसूल करणाऱ्यांना सांगितलं पैसे सरकारी खजिनदाराकडे भरू नका, आम्ही नेमलेल्या माणसाकडे भरा. मिलिशियातून मिनिटमेन वेगळे काढले, हाक आली की निघायचं. शस्त्रं-दारूगोळा जमवायला कमिटी नेमली. आता बघा, कोर्टं यांनी बंद पाडलेली, टॅक्स यांच्याकडे, हत्यारबंद माणसं यांची. गेजकडे बोस्टन शहर आणि तीनेक हजार सैनिक. वूस्टरच्या लोकांनी तर ४ ऑक्टोबरलाच आपल्या प्रतिनिधीला, तो एक लोहार होता, लेखी सूचना दिली की जुनी राज्यघटना संपली असं समजून नवं सरकार उभं करायचं. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या एकवीस महिने आधी.

तिकडे फिलाडेल्फियात गॅलोवेची योजना एका मताच्या फरकानं, ६ विरुद्ध ५ वसाहती, बाजूला ठेवली गेली आणि बॉयकॉट ठरला, १ डिसेंबरपासून ब्रिटिश माल आणायचा नाही. पण यावेळी प्रत्येक कौंटीत, शहरात, गावात देखरेखीला कमिटी निवडायची होती. बॉयकॉट पाळायला नेमलेल्या या कमिट्याच हळूहळू गावोगावचं सरकार झाल्या, आणि त्यांनी विरोधकांना सौम्यपणे वागवलं असं अजिबात नाही. पेपरात नावं छापणं, बहिष्कार, अंगावर डांबर ओतून पिसं चिकटवणं, हे सगळं झालं.

संवादाचा उशीर, आणि १९ एप्रिल

गेजची मला खरंच कीव येते. त्याची बायको अमेरिकन, त्यानं आयुष्याची वीसेक वर्षं तिथे काढलेली, त्याला परिस्थिती कळत होती. त्यानं लंडनला लिहिलं की २० हजार सैन्य लागेल, आणि हेही सुचवलं की तोपर्यंत नवे कायदे स्थगित ठेवा. राजा तिसरा जॉर्ज यानं ते हास्यास्पद ठरवलं. नोव्हेंबर १७७४ मध्येच त्यानं नॉर्थला लिहून टाकलं होतं की आता फैसला लढाईनंच होईल. जानेवारीत माजी पंतप्रधान लॉर्ड चॅटमनं सैन्य मागे घ्या म्हणून पार्लमेंटमध्ये ठराव आणला, तो पडला, मार्चमध्ये खासदार एडमंड बर्कनं समेटासाठी मोठं भाषण केलं, तेही वाया.

चिठ्ठी समुद्र ओलांडायला चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. लंडनहून २७ जानेवारीला लिहिलेला हुकूम, की बघत बसू नका, पुढाऱ्यांना पकडा, काहीतरी करा, गेजच्या हातात १४ एप्रिलला पडला. तो हुकूम शरद ऋतूतल्या बातम्यांवर लिहिलेला होता आणि अंमल वसंतात होणार होता. (आपल्याकडे त्याच सुमाराला, ६ मार्च १७७५ ला, मुंबईच्या कंपनीवाल्यांनी राघोबादादाशी सुरतेचा तह केला, कलकत्त्यानं तो नाकारून १७७६ ला पुरंदरचा तह केला. लांबून राज्य चालवायचा हा गोंधळ फक्त अमेरिकेत नव्हता.)

त्याआधी २६ फेब्रुवारीला सेलममध्ये जे झालं ते फार कमी लोकांना माहीत असतं. तोफा शोधायला कर्नल लेस्ली तुकडी घेऊन गेला, गावकऱ्यांनी पूल वर उचलून धरला. तासभर वादावादी, शेवटी तडजोड निघाली, पूल खाली सोडतो, तुम्ही ठरलेल्या अंतरापर्यंत या आणि मागे फिरा. लेस्लीनं ऐकलं आणि फिरला. हुकूमही पाळला गेला आणि रक्तही सांडलं नाही.

१९ एप्रिलला अशी कुणाला संधी मिळाली नाही. सुमारे ७०० सैनिक रात्री काँकर्डकडे निघाले, पहाटे लेक्सिंग्टनच्या मैदानात सत्तरएक मिलिशियावाले उभे, पहिली गोळी कुणी झाडली हे आजही ठरलेलं नाही, आठ वसाहतवाले मेले. काँकर्डमधला बराचसा दारूगोळा आधीच हलवलेला होता. परतीच्या वाटेवर गावागावातून माणसं येत राहिली, संध्याकाळपर्यंत ७३ ब्रिटिश सैनिक मेले होते, आणि बोस्टनला वेढा पडला.

मॅसॅच्युसेट्सवाल्यांनी लगेच साक्षीदारांचे शपथेवरचे जबाब गोळा केले आणि वेगवान जहाजानं लंडनला पाठवले. ते २८ मे ला पोचले, गेजचा अधिकृत अहवाल जवळजवळ दोन आठवड्यांनी. तोपर्यंत लंडनच्या पेपरांत एकच बाजू छापून आली होती.

लढाई सुरू, पण स्वातंत्र्य अजून नाही

यानंतरही चौदा महिने गेले. जून १७७५ मध्ये वॉशिंग्टनला सेनापती केलं, बंकर हिलला हजारावर ब्रिटिश सैनिक मेले किंवा जखमी झाले, आणि तरी जुलैत काँग्रेसनं राजाला समेटाचा अर्ज पाठवला. तो पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनचा आग्रह होता. राजानं अर्ज स्वीकारलाच नाही, २३ ऑगस्टला वसाहती बंडखोर आहेत असा जाहीरनामा काढला. ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश नौदलानं फॅलमथ गाव जाळलं. डिसेंबरमध्ये पार्लमेंटनं वसाहतींचा सगळा व्यापार बंद करून त्यांची जहाजं शत्रूची म्हणून पकडायला परवानगी दिली. वर जर्मन संस्थानांकडून भाड्यानं सैन्य घेतलं. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेन या लेखकाची 'कॉमन सेन्स' ही छोटी पुस्तिका आली आणि दोष पार्लमेंटचा नाही, राजाचाच आणि राजेशाहीचा, हे पहिल्यांदा इतक्या सोप्या भाषेत घरोघरी पोचलं.

आणि व्यवहाराचं कारणही होतं. फ्रान्सची उघड मदत हवी असेल तर स्वतंत्र देश म्हणून उभं राहावं लागणार, उद्या राजाशी दिलजमाई करतील अशा बंडखोरांसाठी कोण युद्धात उडी घेईल? १ जुलैला डिकिन्सन म्हणाला थांबा, आधी आपसात संघ करू, मित्र शोधू. २ जुलैला तो मतदानाला बसला नाही, ठराव १२ वसाहतींनी मंजूर केला, न्यूयॉर्क तटस्थ. मग डिकिन्सन आपली मिलिशियाची तुकडी घेऊन त्याच युद्धात गेला. मला या सगळ्या माणसांत तो सगळ्यात जास्त आवडतो.

निकाल

१७७८ ला फ्रान्सशी तह, १७८१ ला यॉर्कटाऊनची शरणागती, १७८३ ला पॅरिसचा तह. यॉर्कटाऊनला हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ ला गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला, आणि १७९२ ला पेशव्यांच्या फौजांसोबत श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध उभा होता.

राजाशी निष्ठावान राहिलेले सुमारे ६० हजार लोक देश सोडून गेले. ॲपलाचियन डोंगरांपलीकडची जमीन तिथल्या मूळ रहिवाशांना न विचारता तहात देऊन टाकली. आणि वसाहतींमधल्या दर पाच माणसांतला एक गुलाम होता. व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर यानं नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केलं की बंडखोर मालकांचे गुलाम आमच्याकडून लढले तर मुक्त, आणि या घोषणेनं चिडून दक्षिणेतले कितीतरी जमीनदार बंडाच्या बाजूला गेले, हे सांगितल्याशिवाय स्वातंत्र्याची गोष्ट पूर्ण होत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र १७८१ ला एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम बाईनं नव्या राज्यघटनेचा आधार घेऊन खटला भरला आणि जिंकला, तोही ग्रेट बॅरिंग्टनच्याच कौंटी कोर्टात.

वेगळं काय करता आलं असतं

लंडनच्या बाजूनं सगळ्यात मोठी चूक चहाची जकात नव्हती, हचिन्सनचा हट्टही नव्हता, सनद बदलणं ही होती. शिक्षा बोस्टनपुरती ठेवली असती आणि भरपाई मिळाल्यावर बंदर उघडलं असतं तर गावांना उठायला कारणच नव्हतं. दुसरी संधी गेजच्या स्थगितीच्या सूचनेत होती, जागेवरचा माणूस सांगतोय आणि तीन हजार मैलांवरचा त्याला भित्रा ठरवतोय. जुलै १७७५ चा अर्ज राजानं नुसता हातात घेतला असता तरी युद्ध थांबलं असतं असं मला वाटत नाही, पण काँग्रेसमध्ये फूट नक्की पडली असती.

वसाहतवाल्यांच्या बाजूनं बघितलं तर वूस्टरची शिस्त आणि डांबर-पिसांची झुंडशाही एकाच वर्षातल्या आहेत, आणि दुसरीची गरज नव्हती हे पहिलीनंच दाखवून दिलं होतं. गॅलोवेच्या योजनेवर मात्र माझं मत अजून डळमळतं. ती मंजूर होऊन लंडनला गेली असती तरी १७७४ च्या पार्लमेंटनं ती फेटाळली असती बहुतेक. पण काँग्रेसनं ती बाजूला तर ठेवलीच, वर आपल्या नोंदीतूनही काढून टाकली, आणि पाच वसाहती जिच्या बाजूनं होत्या ती गोष्ट अशी पुसून टाकणं मला पटत नाही. फेटाळलेला पर्याय कागदावर राहिला असता तर समेट हवा असणाऱ्या मोठ्या गटाला पुढच्या वर्षी बोट ठेवायला काहीतरी उरलं असतं, डिकिन्सनला नुसत्या विनंतीच्या अर्जावर थांबावं लागलं नसतं.